खिडकीला बांधलेलं समुद्रफूल

बेळगावपासून समुद्र किती लांब आहे, हे मला कुणी विचारू नये. भूगोलाच्या पुस्तकात तो जेवढा लांब दिलाय त्याहून बराच लांब आहे. मधे आंबोलीचा घाट आहे, सावंतवाडी संस्थानची हद्द आहे, चढावर हटकून बंद पडणारी सर्व्हिस मोटार आहे आणि हिंडलग्याजवळच्या नाक्यावरचा जमादार आहे. हे सगळं ओलांडून मी समुद्र घरी आणत होतो, तोही डब्यांतून. माझी प्रकृती मुळातच तोळामासा. त्या वर्षानंतर मला कुणी नुसतं मीठ वाढलं तरी थकवा येतो.

मी कचेरीत कारकून. घरची शेती खानापूरकडे, ती भाऊबंदांनी कसायची आणि मी टिळकवाडीत भाड्याच्या घरात राहून कागद एका ढिगातून दुसऱ्या ढिगात सरकवायचे, असा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. त्यात मी सुखी होतो असं नाही, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि कारकुनाला याहून जास्त सुख झेपत नाही. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी माझे सासरे वेंगुर्ल्याला वारले. सासूबाईंना, म्हणजे गुणाबाईंना, आमच्या यशोदेशिवाय दुसरं मूल नाही. तेव्हा त्यांना आमच्याकडे आणायचं ठरलं. ठरलं म्हणजे यशोदेनं ठरवलं आणि मी मान हलवली.

सासूबाई मोटारीतून उतरल्या त्या तांदळाचं एक पोतं, एक शेगडी, एक कळशी आणि एक बरणी घेऊन. मी म्हटलं, "आत्याबाई, हे सगळं कशाला? आमच्याकडं तांदूळ न्हाईत व्हय?" त्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे आसतले, जावयबापू. पण माका ते चलाचे नाय."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही आणि पाणीही प्यायचं नाही, अशी रीत आहे. ती आमच्याकडेही आहे. पण लोक तिच्यातून वाट काढतात. कुणी शेजारचं पोर लेकीच्या मांडीवर बसवतं, कुणी पाटावर बाळकृष्ण ठेवतं आणि खुशाल जेवतं. आमच्या लग्नाला एक तप उलटून गेलं होतं आणि घरात पाळणा हलला नव्हता. सासूबाईंना पळवाट मान्य नव्हती. "देवाक फसवूचा कसा?" एवढंच त्या म्हणायच्या. हे ऐकताना यशोदा चुलीकडं तोंड करून बसायची. तिला काय वाटत असेल ते मला कळत होतं, कारण मलाही तेच वाटत होतं, आणि आम्ही दोघांनीही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तर सासूबाई पुढच्या पडवीत शेगडी पेटवायच्या, स्वतःच्या पोत्यातले मूठभर तांदूळ शिजवायच्या आणि शेजारच्या जयाबाईंच्या आडाचं पाणी स्वतः शेंदून आणायच्या. आता आमच्या घराला आड नाही. आम्हीही जयाबाईंच्याच आडाचं पाणी पितो. आड तोच, पोहरा तोच, दोरही तोच. पण ते पाणी आमच्या घागरीत पडलं की लेकीच्या घरचं होतं आणि सासूबाईंच्या कळशीत पडलं की जयाबाईंचं राहतं. मी एकदा हे समजावून सांगायला गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कळशी उचलून आडाकडं गेल्या. बिचाऱ्या आधीच काटकुळ्या, त्यात पाणी शेंदून शेंदून त्यांना धाप लागायची. पोतं संपलं की वेंगुर्ल्याला परत जायचं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तिथे घर होतं, पण घरात कुणी नव्हतं.

राहिली बरणी. गोळ्याबिस्किटांच्या दुकानात असते तसली रुंद तोंडाची काचेची बरणी. तिच्यात खारं पाणी, पाण्यात मुठीएवढा दगड आणि दगडावर एक फूल. निदान मला तरी ते फूल वाटलं. शेवंतीसारखं, हिरवट तपकिरी, पाकळ्यांची टोकं जांभळी. मी कौतुकानं बोट घातलं, तर त्या पाकळ्यांनी बोट धरलं. मी ओरडलो. घरातल्या माणसांनी हसू नये अशा काही वेळा असतात, त्यांतली ही एक होती.

"समुद्रफूल ता," सासूबाई म्हणाल्या. "घरामागच्या खडपार आसता. सोबतीक हाडलंय." म्हणजे खडकावरचं ते त्यांनी सोबतीला आणलं होतं.

त्यांनी भिजवलेल्या सुकटीचा तुकडा वरून सोडला. फुलानं तो धरला, मधोमध ओढला आणि गिळला. मासळी खाणारं फूल मी जन्मात पाहिलं नव्हतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. मला घोडं चाललं असतं, ते निदान बेळगावचं पाणी पितं.

हे फूल कुठे ठेवायचं याचा निकाल जयाबाईंनी लावला. जयाबाई म्हणजे आमच्या आळीचं हायकोर्ट. त्यांनी बरणी बघून हात जोडले. "आक्का, समुद्रातनं आलंय म्हंजे लक्ष्मीच्या म्हायेरचं. देव्हाऱ्यात ठिवा. ऊन लागू दिऊ नका, फूल कोमेजतंय उनानं." आमचा देव्हारा माजघराच्या कोपऱ्यात, भर दुपारीही तिथे समई लावल्याशिवाय देव दिसत नाहीत. तिथे बरणी ठेवली. सुकट खाणारी वस्तू देवांशेजारी कशी, असा मी प्रश्न काढला, पण हायकोर्टाच्या वर मला अपील माहीत नव्हतं.

हळूहळू फुलाचा रंग उडायला लागला. आधी हिरवा गेला, मग तपकिरी, मग टोकांचा जांभळा. शेवटी ते धुतलेल्या पंच्यासारखं पांढरंफटक झालं आणि काचेतून पलीकडचं दिसावं तसं आरपार दिसू लागलं. पाकळ्या लुळ्या पडल्या. सुकट दिली तर धरायचं आणि सोडून द्यायचं. त्याच सुमारास सासूबाईंचा मूठभर भात अर्ध्या मुठीवर आला. यशोदेनं विचारलं, तर म्हणाल्या, "ह्याका हयचा पाणी लागणा नाय. माका पण लागाचा नाय. ह्या मेला की माका मोटारीत बसवा, पोता संपाची वाट कित्याक बघू?"

यशोदा माझ्याकडं आली. मी पेपर वाचत होतो.

"अवो, ते फूल जगायला पायजे."

"मी काय वैद्य हाय?"

"आई तिकडं एकटी जाऊन मरंल. ते जगलं तर ऱ्हाईल. मला दुसरं काय बी नको."

बारा महिने तेरा काळ ही बाई माझ्याकडं काही मागत नाही. मी पेपर खाली ठेवला. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच संकटांची सुरुवात पेपर खाली ठेवण्यानं झालेली आहे.

सल्ले द्यायला माणसं आपल्या पायांनी चालत आली. जयाबाईंचं म्हणणं पडलं की पाणी अशुद्ध झालंय, तांब्यात ठेवलं की सगळं शुद्ध होतं. म्हणून फूल दगडासकट तांब्याच्या हंड्यात ठेवलं आणि वर तुळशीचं पान सोडलं. संध्याकाळपर्यंत फूल आक्रसून सुपारीएवढं झालं. सासूबाई कोपऱ्यात जाऊन बोचकं बांधायला बसल्या. मी घाईघाईनं फूल परत बरणीत टाकलं.

मग समोरचे आण्णाप्पा आले. हे निपाणीचे, तंबाखूचे अडते, इथे मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड केलेलं. जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे तंबाखू आहे. दात दुखला तंबाखू, म्हैस अडली तंबाखू, घरात ढेकूण झाले तर तंबाखूचं पाणी. "हे बघा री," ते म्हणाले, "चिमूटभर भिजवून चार थेंब सोडा. कीड लागली असणार. निपाणीचा माल आहे, घाबरू नका."

"त्यानं ढेकूण मरतात ना, आण्णाप्पा?"

"हौद, हौद!" त्यांनी कानडीत होकार भरला. "एक राहत नाही."

"मग हे कसं राहील?"

आण्णाप्पांना हा प्रश्न उगाच खुसपट काढल्यासारखा वाटला. पुढे बरेच दिवस त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. फुलाला तंबाखू दिली नाही हा माझ्या हातून झालेला एकमेव शहाणपणा, आणि त्यापायी मी एक शेजारी गमावला.

फुलाला बरणी अपुरी पडते, असं मग माझंच मत झालं. माणसानं स्वतःचं मत करून घेऊ नये, दुसऱ्याचं वापरावं. कंदील दुरुस्त करणाऱ्या पत्रेवाल्याकडून मी पत्र्याच्या चौकटीत काचा बसवून एक ऐसपैस पेटी करून घेतली. फटी लुकणानं बुजवल्या. पेटी बैठकीत स्टुलावर मांडली, बरणीतलं सगळं खारं पाणी फुलासकट तिच्यात ओतलं आणि कचेरीतले आमचे अव्वल कारकूनसाहेब सहज आले होते, त्यांना अभिमानानं दाखवायला गेलो. ते पाहायला वाकले आणि पुढची काच निघाली. साहेबांनी नवं धोतर नेसलं होतं. त्यांच्या मांडीवर फूल पडलं. साहेब शाकाहारी.

फूल वाचलं, साहेबही वाचले, पण पाणी गेलं, पेटीच्या तळाशी फूल जेमतेम बुडेल एवढंच उरलं. आणि समुद्राचं पाणी बेळगावात कुठल्याही दुकानी मिळत नाही, याचा पत्ता मला तेव्हा लागला. मीठ घालून करावं म्हटलं तर सासूबाईंनी हात धरला. "ता मेल्या मिठाचा पाणी. समुद्राचा वेगळा."

वेंगुर्ल्याच्या मोटारीवर रवळू म्हणून ड्रायव्हर होता. माणूस भला, पण घाईचा. त्याला पाणी आणायला सांगितलं, तर पहिल्या खेपेला त्यानं रॉकेलच्या डब्यात आणलं. पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगत होतं. दुसऱ्या खेपेला आणलं मातीच्या घागरीत, ती आंबोलीच्या वळणावर फुटून एका वकिलाच्या बिछान्यात गेली. वकिलांनी मला नोटीस देण्याची भाषा केली. तिसऱ्या खेपेला मी नवेकोरे डबे घेऊन दिले, आणि ते तोंडाशी फडकं बांधून व्यवस्थित आले. मोटार स्टँडवरून ते डबे मी दोन्ही हातांत धरून घरी आणायचो. वाटेत ओळखीचे लोक भेटायचे. वेंगुर्ल्याच्या बाजूनं येणाऱ्या मोटारीतून कोण काय आणतं ते बेळगावला ठाऊक आहे. "काय भावकूराव, गोव्याची काय?" असं हळूच विचारायचे. मी म्हणायचो, "समुद्राचं पाणी." ते डोळा मिचकावून म्हणायचे, "तेच ते."

एवढं सगळं होऊनही फूल पांढरंच. मरत नव्हतं आणि जगतही नव्हतं. पोत्याचा तळ मात्र दिसायला लागला होता.

मग एका सकाळी रवळूचा क्लीनर धावत आला आणि भर आळीत ओरडला, "भावकूरावांना हिंडलग्याला बोलीवलंय!" आमच्याकडे हिंडलगा म्हटलं की लोकांना आधी तुरुंग आठवतो, आणि त्या साली तर तो सत्याग्रह्यांनी भरला होता. मी टोपी घालून बाहेर येईपर्यंत जयाबाई यशोदेच्या गळ्यात पडून रडत होत्या. आण्णाप्पा अबोला सोडून पुढे आले आणि त्यांनी माझा हात दाबला. कोपऱ्यावरच्या तरण्या पोरांनी 'वंदे मातरम्' म्हटलं. सरकारी नोकराच्या दारात असलं काही झालं की नोकरीचं काय होतं ते मला ठाऊक होतं. मी मान खाली घालून तरातरा चालत सुटलो, तर लोकांना त्यातही बाणेदारपणा दिसला.

मला नाक्यावर बोलावलं होतं. तिथे रवळू बाकावर बसला होता, मोटारीतली माणसं त्याच्या नावानं शंख करत होती आणि टेबलावर माझे डबे होते. जमादारानं एका डब्यात बोट बुडवून चोखलं.

"ह्ये काय हाय?"

"पाणी."

"खारट हाय."

"समुद्राचं हाय."

"कशाला नेताय?"

"फुलाला."

जमादारानं माझ्याकडं नीट पाहिलं. "सायेब, आमी बी शेतकऱ्याचीच मानसं. खाऱ्या पान्यानं फुलं मरत्यात."

"हे न्हाय मरत. हे सुकट खातंय."

इथे माझ्या बोलण्यावरचा त्याचा उरलासुरला विश्वास उडाला. "ह्ये पानी आटीवलं तर मीठ व्हतंय. व्हतंय का न्हाय?"

"व्हतंय, पण मी सरकारी नोकर हाय."

"सरकारी नोकरच लई झाल्यात हल्ली तसले." मग त्याला माझी दया आली असावी. "आसं करा, त्यात माती आन राख कालवून न्या. मग मीठ करता यायचं न्हाय. माजी काय बी हरकत न्हाय."

राखेच्या पाण्यात फूल कसं जगेल हे मी त्याला परोपरीनं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, फूल दाखवा. आम्ही सगळे, म्हणजे मी, जमादार, एक शिपाई आणि डबे, टांग्यातून टिळकवाडीला आलो. मी सुटून आलो असं पाहून पोरांनी परत 'वंदे मातरम्' म्हटलं. जमादारानं वहीत काहीतरी लिहिलं.

माजघरात अंधार, म्हणून बरणी पडवीतल्या खिडकीत आणली. आणि फुलानं माझी उरलेली अब्रू घेतली. एवढ्या हलवाहलवीत ते मिटून बसलं होतं. पाकळी नाही, काही नाही, नुसता पांढरा गोळा.

"ह्ये फूल?"

"मिटलंय."

"ह्ये तर बाटलीचं बूच दिसतंय," जमादार म्हणाला.

सासूबाई शेगडीपाशी बसल्या होत्या. त्या उठल्या. "बूच तुझ्या डोक्याक! माझ्या घोवाच्या घरामागचा फूल ता. तू काय मिठाचा सांगतस? आमी जल्म काढलव मिठागराच्या बाजूक. मीठ करूचा तर थयच केला आसता, मोटारीचा भाडा भरून हय करूक माजो जावय येडो आसा?"

हा प्रश्न जमादारानं गंभीरपणे मनावर घेतला, आणि माझ्याकडं बघून तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "वरनं हुकूम येईस्तवर ह्यो मुद्देमाल." त्यानं पंचनामा केला. त्यात 'बरणी काचेची एक, पाणी खारे, फूल पांढरे मिटलेले एक' असं लिहिलं, जयाबाईंचा अंगठा आणि आण्णाप्पांची सही पंच म्हणून घेतली, बरणीच्या गळ्याला सुतळी बांधून ती खिडकीच्या गजाला जखडली आणि गाठीवर लाखेचं सील ठोकलं. "जागचं हलवायचं न्हाय. आन हुकूम येईस्तवर हाय तसं ऱ्हायलं पायजे. मेलं बिलं तर जबाबदारी तुमची."

"मग पाण्याचं काय? पाणी बदललं न्हाई तर मरणारच."

जमादार पेचात पडला. शेवटी मुद्देमाल जिवंत ठेवण्यासाठी रवळूचे डबे नाक्यावरून सोडायची चिठी त्यानं स्वतःच लिहून दिली. जे पाणी आणलं म्हणून मी गुन्हेगार, तेच पाणी आणलं नाही तरी मी गुन्हेगार. अशी व्यवस्था कचेरीत मी रोज पाहतो, पण घरी आल्यावर ती जास्त लागते.

कचेरीतून खुलासा मागवला गेला. साहेबांचं धोतर अजून त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. सदर वस्तू प्राणी आहे की वनस्पती ते कळवा. मी 'दोन्ही' असं कळवलं. कागद परत आला, 'एक काय ते लिहा'. मी 'प्राणी' लिहिलं. मग, पंचनाम्यात फूल का म्हटलं? असे ते कागद जात येत राहिले. रोज संध्याकाळी मी घरी येऊन जोडे काढायचो आणि पहिल्यांदा खिडकीकडं बघायचो. आळीतली माणसं येता जाता तिथे थांबायची. सरकारनं फुलाला अटक केली, अशी बातमी शहापूरपर्यंत गेली होती. वडगावचे कोष्टी लुगडी विकायला आले की आधी आमच्या खिडकीपाशी यायचे. माझ्या घराला आता माझ्या नावानं कुणी ओळखत नव्हतं.

खिडकी पूर्वेची. सकाळचं ऊन सरळ बरणीत उतरायचं. जयाबाई रोज हळहळायच्या, "उनात मारत्यात हो लक्ष्मीला!" आम्हालाही तेच वाटायचं. पण सील सरकारचं. ऊन अडवायला मी एकदा पंचा टांगला, तर शिपायानं जाता जाता तो काढायला लावला. मुद्देमाल रस्त्यावरून दिसला पाहिजे म्हणे.

आणि एके दिवशी सासूबाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या त्या हलेचनात. यशोदा गेली, मीही गेलो. पाकळ्यांच्या मुळाशी अगदी फिका, दुधात चहाचा थेंब पडावा तसा रंग आला होता. पुढच्या दिवसांत तो वर चढत गेला. तपकिरी, मग हिरवा. ज्या उनापासून आम्ही त्याला जिवापाड जपत होतो, तेच त्याला हवं होतं. सुकट टाकली तर झडप घालू लागलं. त्या दिवशी यशोदा हसली. कितीतरी दिवसांनी तिला मोठ्यानं हसताना ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

फूल जगलं. आता सासूबाई राहतील, असं आम्ही धरून चाललो होतो. पण रंग भरत होता आणि पोतं रिकामं होत होतं. एका सकाळी त्यांनी पोतं झटकलं, शेवटचा भात शिजवला, खाल्ला आणि शेगडी घासून ठेवली.

"आई, फूल जगलं की!" यशोदा म्हणाली.

"जगला, बरा झाला. ता हयच ऱ्हव दे, तुमका सोबत." त्यांनी पोत्याची घडी घातली. "पण माज्या तोंडात तुज्या घरचा शीत कसा जातला गो? रीत मी केलंय काय? उद्याच्या मोटारीन जातंय."

यशोदा उठली. आत जाऊन तिनं रिकामीच परात घासायला घेतली. मी सासूबाईंना म्हणालो, "आत्याबाई, रीत पाळून माणूस मेलं तर देव काय शाबासकी देणार हाय?" माझा आवाज चढला होता. जावई सासूवर कधी आवाज चढवत नाही. त्यांनी वर पाहिलं, डोळ्यांत पाणी होतं, पण मान हलवली ती नाहीचीच.

दुसऱ्या दिवशी रवळूची मोटार सुटायच्या आधी जमादार हजर. अखेर वरून हुकूम आला होता. मुद्देमाल पंचनाम्याबरहुकूम पडताळून परत करावा आणि प्रकरण बंद करावं. जयाबाई आणि आण्णाप्पा पंच म्हणून आले. सासूबाई बोचकं काखेत मारून पायरीवर उभ्या होत्या. त्यांचं तोंड रस्त्याकडं होतं.

जमादार पंचनामा काढून वाचू लागला. "बरणी काचेची एक. बराबर. पानी खारं. बराबर. फूल पांढरं मिटल्यालं..." तो थांबला. वाकला. डोळे चोळून पुन्हा वाकला. "भावकूराव, ह्ये दोन कशी?"

मीही पाहिलं. काल संध्याकाळपर्यंत ते थोडं लांबट दिसत होतं, एवढंच. आता दगडाच्या एका बाजूला एक फूल होतं आणि दुसऱ्या बाजूला एक लहान, पण सगळ्या पाकळ्यांनिशी. दोन्ही हिरवी, दोन्हींची टोकं जांभळी, दोन्ही फुललेली. मधे दगडाची बोटभर जागा.

"म्या एक लिवलंय. सील बी जागच्या जागी हाय," जमादार घाम पुसत म्हणाला. "दुसरं आलं कुठनं? भायेरनं आनून टाकलं?"

"कोण टाकंल री? समुद्र हाय काय हितं?" आण्णाप्पा माझ्या बाजूनं बोलले. एवढ्या काळात पहिल्यांदाच.

"मग सायबाला काय सांगू? एकाचं दोन झालं?"

"व्यालं आसंल," जयाबाई म्हणाल्या. "रातीत व्यालं. हिरवंगार झालतं तवाच मला वाटलं व्हतं."

जमादारानं पेन्सिल जिभेला लावली. कागद बंद करायचा होता आणि त्याला दुसरी वाट नव्हती. लिहिता लिहिता तो मोठ्यानं म्हणू लागला, "सदर भावकू यांचे राहते घरी... एक फूल... नवीन... जल्माला आले. मूळचे व नवीन, दोन्ही सुखरूप."

सासूबाई पायरीवरून वळल्या.

"काय म्हणालास? परत वाच."

"ह्या घरात जल्माला आलं म्हून लिवलंय, आजी. खोटं हाय काय?"

"खोटा कित्याक? डोळ्यान दिसता." त्यांनी आत येऊन बरणीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहेर रवळू भोंगा वाजवत होता. मग त्यांनी काखेतलं बोचकं खाली ठेवलं, खिडकीखाली भिंतीला टेकून बसल्या आणि आत हाक मारली, "यशोदे, जल्म झालो गो तुज्या घरात. माका पाणी हाड."

यशोदा दारात उभी होती. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती इतकी गडबडली की तांब्या भरताना अर्धं पाणी स्वतःच्या लुगड्यावर सांडलं. तिनं तांब्या पुढे केला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि वरून न पिता, तोंड लावून, घटाघटा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. जयाबाई पदरानं नाक पुसत होत्या. जमादार सुतळी सोडायचं विसरून बघत राहिला होता.

सासूबाईंनी तोंड पुसलं आणि तांब्या यशोदेच्या हातात दिला.

"काय गोडा पाणी गो तुज्या घरचा!" त्या म्हणाल्या. "इतके दिवस त्या जयाबायच्या आडाचा मचूळ पाणी पित होतंय मी."

मी जयाबाईंकडं पाहिलं. जयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, आळीच्या त्या हायकोर्टानं ते तसंच मिटलं.